यहूदी धर्माची ओळख कुणाच्या तोंडून?

दृढीकरण संस्काराच्या तयारीच्या वर्गात एका मुलीने आम्हांला विचारले, ‘फादर, परुशी अजून आहेत का?’ वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि ‘ते प्रभू येशूच्या काळात होते, बाळ’ एवढे सांगून पुढच्या पाठाकडे वळलो. पुढच्या रविवारी ती मुलगी वर्ग सुटल्यावर थांबली. तिने वडिलांच्या मोबाईलवर स्वतःच शोध घेतला होता. जगातील सर्व पेढ्या, सर्व वर्तमानपत्रे आणि सर्व युद्धे यहूदी लोकांच्या मुठीत आहेत, असे सांगणारे एक पान तिला सापडले होते. पुराव्यादाखल तल्मूद या यहूदी ग्रंथातील म्हणून काही भयंकर वचने खाली दिलेली होती. ‘हे खरे आहे का?’ एवढेच तिने विचारले.

त्या क्षणी आमची चूक आमच्या ध्यानी आली. आम्ही उत्तराची जागा रिकामी सोडली होती आणि ती जागा द्वेषाने भरून काढली होती. त्या मुलीला आम्ही नीट वाट दाखवली असती तर ती त्या पानापर्यंत गेलीच नसती. परंतु वाट दाखवायची तर ती आधी स्वतःला ठाऊक हवी. म्हणून त्यानंतरचे काही महिने रात्रीची प्रार्थना आटोपल्यावर धर्मगुरुनिवासातील संगणकासमोर बसून यहूदी जीवन, विद्या आणि इतिहास यांविषयीची संकेतस्थळे आम्ही वाचून काढली. त्या वाचनाचे हे परीक्षण. केवळ पत्त्यांची यादी वाचकांच्या हाती द्यावी असा आमचा हेतू नाही. कोणत्या स्थळावर काय मिळते, काय मिळत नाही, आणि ख्रिस्ती वाचकाने ते कोणत्या दृष्टीने वाचावे, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

मराठी ख्रिस्ती साहित्याला यहूदी लोक परके नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’चा पहिला भाग जुन्या कराराचीच कथा सांगतो. अब्राहाम, मोशे आणि दावीद यांना आमच्या आज्या घरातल्या वडीलधाऱ्यांप्रमाणे ओळखत. पण ही ओळख एका ठिकाणी येऊन अचानक तुटते. सन ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले, एवढे आपण शिकतो आणि तेथून पुढे यहूदी लोक आपल्या नकाशावरून नाहीसे होतात. एकोणीसशे वर्षांनी हिटलरच्या छळछावण्यांत ते पुन्हा दिसतात. मधल्या काळात ते काय वाचत होते, कसे प्रार्थना करीत होते, मुलांना काय शिकवीत होते, याची आपणांस वार्ता नाही. ग्रंथाची पहिली आणि शेवटची पाने वाचून मधली फाडून टाकावीत, तसे हे ज्ञान आहे.

ख्रिस्तसभेने ही उणीव केव्हाच ओळखली आहे. उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेत यहूदी लोकांसाठी योजलेले ‘अविश्वासू’ या अर्थाचे लॅटिन विशेषण पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली काढून टाकले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि प्रभूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व यहूदी लोकांवर अथवा आजच्या यहूदी लोकांवर लादता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९७४ साली व्हॅटिकनने जी मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांतील एक आमच्या या परीक्षणाचा पाया आहे. यहूदी लोक आपल्या धार्मिक अनुभवाच्या प्रकाशात स्वतःची ओळख कशी सांगतात, ते ख्रिस्ती लोकांनी जाणून घ्यावे, असा त्याचा आशय. शेजाऱ्याची ओळख शेजाऱ्याच्याच तोंडून व्हावी, हे साधे गावकीचे शहाणपण त्यात आहे.

या सूत्रावरून आम्ही प्रत्येक संकेतस्थळाला तीन प्रश्न विचारले. येथे बोलणारा कोण आहे? तो सर्व यहूदी लोकांच्या वतीने बोलतो की एका पंथाच्या? आणि तो जे सांगतो त्याचे मूळ वाचकाला पाहू देतो का?

तिसऱ्या प्रश्नाला सर्वांत चोख उतरले ते ‘सेफारिया’. ही संस्था २०११ साली अमेरिकेत स्थापन झाली. हिब्रू शास्त्र, मिश्ना, तल्मूद आणि त्यांवरील शेकडो वर्षांची भाष्ये तिने विनामूल्य खुली केली आहेत. कोणत्याही ओळीवर बोट ठेवले की त्या ओळीविषयी पुढच्या शतकांतील आचार्य काय म्हणाले ते शेजारी उघडते. छापील तल्मूदाची रचनाही अशीच असते. मधोमध मूळ संहिता, एका बाजूस अकराव्या शतकातील राशी या फ्रेंच आचार्याचे भाष्य, दुसऱ्या बाजूस त्याच्या शिष्यपरंपरेच्या टिपा. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या सटीक आवृत्त्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही. रब्बी आदिन स्टाइनसाल्त्स (१९३७-२०२०) यांचे तल्मूदाचे इंग्रजी भाषांतर २०१७ पासून या स्थळावर मिळू लागले. त्यात मुळातील शब्दांचा अनुवाद ठळक अक्षरांत आणि भाषांतरकाराने घातलेली भर साध्या अक्षरांत असते. मूळ कोठे संपते आणि स्पष्टीकरण कोठे सुरू होते, हे डोळ्यांना दिसते. असा प्रामाणिकपणा आमच्या प्रवचनांतही असता तर किती बरे झाले असते!

त्या मुलीच्या मोबाईलवरील वचने आम्ही येथेच ताडून पाहिली. काही मुळात कोठेच नव्हती. काही एखाद्या दीर्घ वादातून अर्धीच उचललेली होती, पुढच्याच ओळीत दुसऱ्या आचार्याने ती खोडून काढली होती. तल्मूद हा आज्ञांचा संग्रह नाही, तो वादांचा संग्रह आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याला त्यातून हवे ते सिद्ध करता येते.

आणि मग आम्ही परुशांचा शोध घेतला. तल्मूदाच्या ‘सोता’ नामक प्रकरणात, बाविसाव्या पानाच्या दुसऱ्या बाजूस, परुशांचे सात प्रकार सांगितले आहेत. एक आपल्या धर्माचरणाचे प्रदर्शन मांडतो. एक अतिनम्रतेचे सोंग करून पाय ओढीत चालतो आणि ठेचकाळतो. एक स्त्री दृष्टीस पडू नये म्हणून डोळे मिटतो आणि भिंतीवर आपटून रक्तबंबाळ होतो. अशी सारी ढोंगे सांगून झाल्यावर भयापोटी आणि प्रेमापोटी धर्म पाळणारेही तेथे येतात. आम्ही ते पान दोनदा वाचले. तीस वर्षे वेदीवरून आम्ही ‘परुशी’ हा शब्द ‘ढोंगी’ या अर्थाने वापरीत आलो, आणि येथे परुशांचे वारसदारच आपल्या घरातील ढोंग्यांना आमच्याहून अधिक मार्मिकपणे हसत होते. प्रभूची परुशांवरील टीका ही घरातल्याने घरातल्यांवर केलेली टीका होती. आम्ही ती उचलून शेजाऱ्याच्या अंगणात फेकली.

शुभवर्तमान नीट वाचले असते तरी हे उमजले असते. हेरोद जिवावर उठला आहे, येथून निघून जा, असे येशूला सांगायला आलेले परुशीच होते (लूक १३:३१). रात्री येशूकडे येणारा निकदेम परुशी होता. प्रेषितांची बाजू सावरून धरणारा गमलिएल परुशी होता. आणि संत पौलाने आपण परुशी असल्याचे अभिमानाने सांगितले. या विषयावर मे २०१९ मध्ये रोमच्या पोपप्रणीत बायबल संस्थेत परिषद भरली तेव्हा दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही या शब्दाच्या सैल वापराबद्दल सावध केले होते.

सेफारियाचे दोषही सांगितले पाहिजेत. नवख्याला हा समुद्र आहे, होकायंत्राशिवाय उतरणारा बुडेल. इंग्रजी येत नसेल तर मराठी वाचकाला येथे प्रवेश नाही. शिवाय कोणालाही आपापली टिपणे जुळवून तेथे ठेवता येतात. ग्रंथ आणि टिपण यांत वाचकाने गल्लत करू नये.

नवख्यासाठी ‘माय ज्युइश लर्निंग’ हे स्थळ अधिक उपयोगी. शब्बाथ कसा पाळतात, मुलाचे नाव केव्हा ठेवतात, मृताच्या घरी सात दिवस कसे बसतात, अशा घरगुती प्रश्नांना येथे सोपी उत्तरे मिळतात. हे स्थळ एका पंथाचे नाही. सनातनी असे मानतात, सुधारणावादी तसे मानतात, असा भेद बहुधा सांगितलेला असतो. आमच्या कित्येक धर्मग्रामांत पवित्र गुरुवारी यहूदी पद्धतीचे वल्हांडण भोजन करण्याची हौस असते. ती करण्यापूर्वी येथील लेख वाचावेत. त्या भोजनाचा आजचा विधी मंदिराच्या विध्वंसानंतर आकाराला आला आहे. प्रभूच्या शेवटच्या भोजनाची ती हुबेहूब प्रतिकृती नव्हे. दुसऱ्याच्या देवघरातील विधी आपल्या रंगमंचावर आणताना एवढे भान हवेच. या स्थळाची मर्यादा अशी की त्याचे जग मुख्यतः अमेरिकेचे आहे. मोरोक्को, येमेन अथवा आपले कोकण तेथे पाहुण्यासारखे येतात.

‘खबाद’ या हसिदी चळवळीचे स्थळ फार मोठे आणि फार जिव्हाळ्याचे आहे. मुंबईकरांना या चळवळीचे नाव एका दुःखद प्रसंगामुळे ठाऊक आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात नरिमन हाऊस येथे मारले गेलेले रब्बी गाव्रिएल आणि रिव्का होल्त्सबर्ग हे दांपत्य याच चळवळीचे. घरातील आई मुलांशी बोलते तशा भाषेत येथे आज्ञा, सण आणि गोष्टी समजावून दिल्या आहेत. पण हा आवाज एका पंथाचा आहे आणि तो सर्वांचा आवाज असल्यासारखा बोलतो. ज्याने केवळ हेच वाचले त्याला यहूदी समाजातील निम्मे मतभेद कळणारच नाहीत. वाचावे, पण दुसऱ्या स्थळासोबत वाचावे.

इतिहासाकडे वळले की वाचकाने तारीख पाहण्याची सवय लावून घ्यावी. न्यूयॉर्क येथे १९०१ ते १९०६ या काळात निघालेला बारा खंडांचा ‘ज्युइश एन्सायक्लोपीडिया’ आज महाजालावर संपूर्ण खुला आहे. विद्वत्ता थोर, भाषा भारदस्त. परंतु तो हिटलरच्या आधीचा आणि इस्रायल राष्ट्राच्या आधीचा आहे. पोलंडमधील यहूदी समाजाविषयी तो वर्तमानकाळात बोलतो तेव्हा काळजात चर्र होते, कारण पुढे काय झाले ते आपणांस ठाऊक असते. याउलट ‘ज्युइश व्हर्च्युअल लायब्ररी’ अद्ययावत आहे, पण ते अमेरिका आणि इस्रायल यांचे संबंध दृढ व्हावेत या हेतूने १९९३ साली स्थापन झालेल्या संस्थेचे. प्राचीन आणि मध्ययुगीन इतिहासासाठी ते सोयीचे. वर्तमान संघर्षाविषयी तेथे एक बाजू वाचतो आहोत, हे विसरू नये. ऑक्टोबर २०२३ चा हल्ला आणि त्यानंतरचे गाझातील युद्ध यांमुळे ‘यहूदी’ हा शब्द शोधला की राजकारणच आधी समोर येते. एका सरकारची कृती म्हणजे एका धर्माची शिकवण नव्हे. गाझातील आमच्या ख्रिस्ती बांधवांसाठी आणि सर्व पीडितांसाठी रडणाऱ्या डोळ्यांनाही हा भेद दिसला पाहिजे.

‘याद वाशेम’ ही यरुशलेम येथील स्मृतिसंस्था १९५३ सालची. यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायातील वचनावरून तिचे नाव घेतले आहे. नाझी राजवटीने मारलेल्या साठ लाख यहूदी लोकांपैकी सुमारे पन्नास लाखांची नावे तिने गोळा केली असून २००४ पासून ती कोणालाही पाहता येतात. गावाचे नाव घातले की त्या गावच्या शिंप्याचे, शिक्षिकेचे, तान्ह्या बाळाचे नाव समोर येते. सर्व संतांच्या व मृतांच्या महिन्यात प्रत्येक कुटुंबाने एकदा हे करावे. पण आमची विनंती अशी की तेथून सुरुवात करू नये. ज्याने यहूदी माणूस प्रथम प्रेताच्या रूपात पाहिला त्याला तो जिवंत भेटणे कठीण जाते. आधी शब्बाथच्या मेणबत्त्या पाहाव्यात, मग विझलेल्या ज्योती मोजाव्यात.

जिवंत भेट म्हणजे काय, ते केंब्रिज विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयात आम्हांला अनुभवास आले. देवाचे नाव लिहिलेला कागद यहूदी लोक फेकून देत नाहीत, तो ‘गेनिझा’ नावाच्या कोठडीत ठेवतात. जुन्या कैरोतील बेन एझ्रा सभास्थानाची अशी कोठडी सुमारे हजार वर्षे भरत गेली. १८९६-९७ साली सॉलोमन शेख्टर यांनी त्यातील कागद केंब्रिजला नेले. तेथे त्यांचे सुमारे १,९३,००० तुकडे आहेत. त्यांत प्रार्थना आहेत, तसेच विवाहाचे करार, उधारीच्या चिठ्ठ्या आणि मुलांचे धुळाक्षरांचे कागदही आहेत. बाराव्या शतकात मंगळूर बंदरात राहून मिरी-मसाल्याचा व्यापार करणाऱ्या अब्राहाम बेन यिजू या यहूदी गृहस्थाची पत्रेही या गेनिझातून मिळाली. आपल्याच अरबी समुद्रावरील पत्र नऊशे वर्षांनी पडद्यावर उमटलेले पाहून आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो.

समुद्राचा उल्लेख आला म्हणून घराजवळचा प्रश्न. बेने इस्रायल समाज आमच्या कोकणचा. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज आले, अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर ही त्यांची आडनावे गावांवरून आली. मुंबईत १७९६ साली त्यांचे पहिले सभास्थान उभे राहिले. अलिबागेत इस्रायल आळी आजही त्याच नावाने ओळखली जाते. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. त्यांनी आपला धर्म मराठीत सांगितला. वल्हांडणाच्या रात्री घरी वाचावयाचा ‘हगादा’ हा ग्रंथ मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली छापला गेला आणि पुण्यात १८७४ साली त्याची सचित्र आवृत्ती निघाली. तिच्यातील बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगड्यात आहेत. त्यांनी मराठीतून कीर्तनेही केली. एच. एस. किहीमकर यांनी १८९७ साली लिहिलेला या समाजाचा इतिहास १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला, तोही इंग्रजीत.

येथे आमच्या परीक्षणातील सर्वांत मोठी खंत आहे. वर उल्लेखिलेले एकही स्थळ मराठीत नाही. ज्या समाजाने दीडशे वर्षांपूर्वी मराठीतून आपली ओळख सांगितली, त्याची ओळख करून घेण्यास आमच्या मुलांना इंग्रजीचा उंबरठा ओलांडावा लागतो. द्वेषाची पाने मात्र मराठीत सहज फिरतात. आमच्या साहित्य मंडळांनी आणि महाविद्यालयीन तरुणांनी येथे काम करण्यासारखे आहे.

दोन सावधगिरीच्या सूचना. ‘यहूदी वडीलधाऱ्यांची गुप्त योजना’ म्हणून जे पुस्तक महाजालावर अजून फिरते ते रशियात १९०३ साली प्रथम छापले गेले आणि ते बनावट असल्याचे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ सालीच उघड केले. ते जेथे दिसेल ते स्थळ तेथेच बंद करावे. दुसरी सूचना आमच्याच लोकांविषयी आहे. यहूदी नाव आणि यहूदी चिन्हे धारण केलेली काही स्थळे प्रत्यक्षात ख्रिस्ती प्रचारकांची असतात. सुवार्तेला वेषांतराची गरज नसते. आणि हल्ली यंत्राला प्रश्न विचारून तयार उत्तर घेण्याची सोय झाली आहे, तेथेही तिसरा प्रश्न विसरू नये: मूळ कोठे आहे ते दाखव.

शेवटी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ज्या तल्मूदाची पाने आम्ही रात्री विनासायास उघडीत होतो, तो ग्रंथ ख्रिस्ती सत्तेने १२४२ साली पॅरिसमध्ये गाड्या भरभरून आणून जाळला. ९ सप्टेंबर १५५३ रोजी, यहूदी नववर्षाच्या दिवशी, रोमच्या कांपो दे फियोरी चौकात तो पुन्हा जाळला गेला, आणि या वेळी हुकूम ख्रिस्तसभेचा होता. त्याच शतकात, १५२० ते १५२३ या काळात, तल्मूदाची पहिली संपूर्ण छापील प्रत व्हेनिसमध्ये काढणारा दानिएल बोंबर्ग हाही ख्रिस्तीच होता. आमच्या घराण्यात जाळणारेही झाले आणि छापणारेही झाले. आपण कोणाचा वारसा चालवायचा, हे प्रत्येक वाचकाने स्वतः ठरवावे. धर्मगुरुनिवासात बसून तो ग्रंथ उघडताना आमचा हात क्षणभर अडखळला, एवढे आम्ही सांगू.

त्या मुलीला आम्ही पुढील रविवारी सर्व वर्गासमोर उत्तर दिले. आधीचे उत्तर चुकीचे होते, हे प्रथम सांगितले. मग सात परुशांचे पान वाचून दाखवले. भिंतीवर आपटणाऱ्या परुशाला मुले खूप हसली. एक मुलगा म्हणाला, ‘फादर, असे आपल्याकडेही आहेत.’ आम्ही त्याला नाही म्हणालो नाही.

मग आम्ही तिला सांगितले की मंदिर पडल्यानंतर परुशांच्या परंपरेतूनच आजचा यहूदी धर्म वाढला. रब्बी मेयर शापिरो यांनी १९२३ साली एक परिपाठ सुरू केला. त्यानुसार जगभरचे यहूदी लोक रोज तल्मूदाचे एकच पान वाचतात. २,७११ पानांचे हे पारायण सुमारे साडेसात वर्षांनी पूर्ण होते आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होते. चौदावे पारायण ५ जानेवारी २०२० रोजी सुरू झाले. मुलीने विचारले, ‘आजचे पान कोणते?’ आम्ही ते तिला शोधून दिले.